तुकड्यांचा सिनेमा वीस जणांत कसा बघावा

सिनेमा सुरू होऊन चाळीसएक मिनिटं झाली होती. पडदा काळा झाला. हॉलमध्ये अठरा माणसं, पण कुणी हललं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. दोन प्रसंगांच्या मधे पडदा काळा होतो, प्रोजेक्टर बिघडला असं समजू नका, हे मीच सुरुवातीला सांगून ठेवलं होतं. चांगला मिनिटभर आम्ही सगळे त्या काळोखाकडे आदराने बघत बसलो. मग मागच्या रांगेतले एक काका हळूच म्हणाले, "हा तुकडा जरा लांबलाय, नाही?"

लाईट गेली होती.

तेव्हापासून आधी इन्व्हर्टर आणि मग प्रास्ताविक, असा क्रम मी लावून घेतलाय. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एका कोचिंग क्लासचा वर्ग रविवारी रिकामा असतो, तिथे आम्ही हा सिनेमा आजवर तीनदा दाखवला. त्यात जे चुकलं आणि जे जमलं त्यावरून हे लिहितोय. साताऱ्यात, कराडला, इस्लामपूरला कुणाला असा प्रयोग करायचा असेल तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

सिनेमा मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा, १९९४ सालचा. इंग्रजीत त्याचं नाव '७१ फ्रॅगमेंट्स ऑफ अ क्रोनॉलॉजी ऑफ चान्स'. आपल्याकडे 'योगायोगाच्या कालक्रमाचे ७१ तुकडे' म्हणता येईल. 'द सेव्हन्थ कॉन्टिनेंट' (१९८९) आणि 'बेनीज व्हिडिओ' (१९९२) यांच्यानंतरचा, भावना गोठत जाण्याबद्दलच्या तीन सिनेमांतला हा तिसरा. पहिले दोन पाहिले नसले तरी काही अडत नाही. लांबी शंभरएक मिनिटं. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी येते: २३ डिसेंबर १९९३ रोजी व्हिएन्नातल्या एका बँकेत १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिघांना गोळ्या घालून मारलं आणि थोड्याच वेळात स्वतःवरही गोळी झाडली. एवढं सांगून सिनेमा मागे जातो आणि ऑक्टोबरपासूनचे काही दिवस तुकड्यातुकड्याने दाखवत त्या तारखेपर्यंत येतो.

आधी एकट्याने, तेही दोनदा

दुसऱ्यांना दाखवण्याआधी स्वतः पाहा. पहिल्यांदा सलग, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. मधे थांबवून मागे जायचं नाही. 'हा कोण? मघाचाच का?' असा गोंधळ होईल, तो होऊ द्या. तुमच्या प्रेक्षकांचाही तोच होणार आहे आणि तो कुठे होतो हे तुम्हाला माहीत हवं.

दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसा. मोठा कागद आडवा धरून सहा रकाने पाडा. पाच रकाने माणसांचे. रोमानियातून चोरून आलेला, व्हिएन्नात रस्त्यावर राहणारा मुलगा. एका अबोल मुलीला दत्तक घेऊ पाहणारं दांपत्य. एकटा राहणारा पेन्शनर म्हातारा आणि बँकेत नोकरीला असलेली त्याची मुलगी. पैशांच्या गाडीवरचा सुरक्षारक्षक, त्याची बायको आणि आजारी तान्हं बाळ. पाचवा रकाना त्या विद्यार्थ्याचा, मॅक्सचा. सहावा टीव्हीवरच्या बातम्यांचा, आणि तो विसरू नका. नवशिके लोक बातम्या म्हणजे मधली जाहिरात समजून सोडून देतात. सोमालिया, बोस्निया, कुर्द बंडखोर, मायकल जॅक्सनवरचे आरोप, सगळं एकाच आवाजात, एकाच चालीत वाचलं जातं. शेवटी बँकेतल्या गोळीबाराची बातमीही त्याच रांगेत येऊन बसते, आणि निवेदक पुढच्या बातमीकडे वळतो. आपल्या माणसांचं काय होतं हे कळायला आपल्याला शंभर मिनिटं लागली, टीव्हीला दोन.

रकान्यात लिहिताना एक पथ्य पाळा: फक्त क्रियापदं. 'म्हातारा फोनवर बोलतो.' 'मुलगी हात सोडवून घेते.' 'बिचारा', 'क्रूर', 'एकाकी' असले शब्द लिहायचे नाहीत. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. माझ्या पहिल्या कागदावर तीन ठिकाणी 'बिचारा' होता आणि तिन्ही एकाच माणसाबद्दल होते. म्हणजे त्याच्याबद्दल मी आधीच निकाल देऊन बसलो होतो.

तुकडे ७१ भरतात का, हे मोजत बसू नका. आमच्यातला एकजण मोजत बसला आणि सिनेमा बघायचा राहून गेला.

परवानगी

घरात चार माणसांनी बसून बघणं आणि हॉल घेऊन लोकांना बोलावणं, तिकीट नसलं तरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं, डीव्हीडीचंही तसंच. सार्वजनिक खेळासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी लागते. जवळपासच्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीमार्फत गेलात तर हे सोपं पडतं. देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ १९५९ पासून आहे, पत्रव्यवहार कसा करायचा हे त्या मंडळींना पाठ असतं. जर्मन भाषेतल्या सिनेमांसाठी पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात, म्हणजे जर्मन सांस्कृतिक केंद्रात, विचारून बघायला हरकत नाही. महिनाभर आधी सुरुवात करा.

जागा, पडदा, आवाज

वीस माणसं पुरेत. तीसच्या वर गेली की मागची रांग सिनेमा सोडून पुढच्यांची डोकी बघते, आणि नंतरच्या चर्चेत निम्मे गप्प बसतात.

क्लासची बाकडी शंभर मिनिटांसाठी नाहीत, पहिल्या खेळाला आम्ही हे कंबरेने शिकलो. मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणा. पडद्यासाठी फ्लेक्सची मागची बाजू वापरायचा मोह होतो; ती चकाकते आणि मधोमध दिव्याचा गोळा दिसतो. चादर लावली की पंख्याने हलते. साधी पांढरी, सपाट, डाग नसलेली भिंत सगळ्यात चांगली. तीन हजार ल्यूमेनच्या (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपासचा प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत वीस जणांना पुरतो, पण खोली खरंच अंधारी हवी. या सिनेमात प्रसंगांच्या मधे काळा पडदा येतो, खिडकीतून उजेड येत असेल तर तो काळा न दिसता राखाडी दिसतो आणि लोक घड्याळं बघायला लागतात. खिडक्यांना काळा कागद लावा, किंवा सरळ दिवस मावळल्यावर सुरू करा. डिसेंबरात सहा वाजता काम भागतं.

आवाजाकडे प्रोजेक्टरपेक्षा जास्त लक्ष द्या. इथे पार्श्वसंगीत नाही. कधी घाबरायचं, कधी हळहळायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही. जे ऐकू येतं ते खोलीतलं: टीव्ही, काट्याचमच्यांचा आवाज, रस्त्यावरच्या गाड्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे सगळं मरून जातं. दोन बरे स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा, आणि पंखा बंद करून एकदा शेवटच्या खुर्चीवर बसून ऐका.

इन्व्हर्टरबद्दल वर आलंच आहे. त्यात एक तांत्रिक गोष्टही आहे: दिवा असलेल्या प्रोजेक्टरची वीज झटक्यात गेली की आतला पंखा बंद पडतो, तापलेला दिवा थंड व्हायला वाव राहत नाही आणि त्याचं आयुष्य घटतं. भाड्याचा प्रोजेक्टर असेल तर हे पैशांचंही दुखणं आहे.

मराठी सबटायटल: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

सिनेमा जर्मनमध्ये आहे, थोडा रोमानियनमध्ये. इंग्रजी सबटायटलवर अर्धे प्रेक्षक वाचण्यातच गुंततात. परवानगी घेताना मराठी सबटायटल लावायची मुभाही मागून घ्या आणि ती स्वतः करा. संवाद फार नाहीत, दोघांनी मिळून आठवडाभरात होतं.

पद्धत साधी आहे. सबटायटलची फाईल, म्हणजे एसआरटी, नोटपॅडमध्येही उघडते: क्रमांक, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, खाली मजकूर. वेळांना हात लावू नका, फक्त मजकूर बदला. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको आणि एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांपलीकडे जाऊ नका. मग ज्या लॅपटॉपवरून दाखवणार आहात त्याच लॅपटॉपवर चालवून जोडाक्षरं बघा. आमच्याकडे घरच्या कॉम्प्युटरवर सगळं झकास होतं आणि हॉलमधल्या लॅपटॉपवर प्रत्येक 'त्र' फुटला होता.

खरी मारामारी भाषेची असते. एक प्रसंग सांगतो. सुरक्षारक्षक आणि त्याची बायको रात्री जेवायला बसलेत. कॅमेरा हलत नाही. दोघंही गप्प जेवतात. मग तो मान वर न करता तिला म्हणतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती बुचकळ्यात पडते, हा शुद्धीवर आहे ना अशी शंका घेते. तो तिला थोबाडीत मारतो. शांतता. बऱ्याच वेळाने ती हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवते, आणि जेवण पुढे चालू राहतं.

आता हे मराठीत कसं लिहायचं? 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य आपल्याकडे जेवणाच्या ताटावर कोण म्हणतं? ते पुस्तकातलं आहे, पडद्यावरचं आहे. आमच्यातल्या एकाला ते बदलून 'तू मला आवडतेस' करायचं होतं. मी अडून बसलो. त्या वाक्याचं अवघडलेपण हेच तर तिथे हवं आहे; बायको दचकते ती त्यामुळेच. मग तिचं उत्तर. नवऱ्याला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? कुणीतरी म्हणालं, सरळ आपलं लिहा, "पिऊन आलायसा काय?" हॉलमध्ये हशा पिकला असता आणि त्यानंतरची थप्पड विनोदाची झाली असती. अर्धा तास वाद घालून शेवटी 'प्यायलायस का?' ठेवलं. व्हिएन्नातलं जोडपं एकमेकांना 'तू'च म्हणणार. पण त्या अर्ध्या तासात तो प्रसंग आम्हाला जितका कळला तितका चार वेळा बघून कळला नसता. म्हणून म्हणतो, सबटायटल विकत मिळत असली तरी एकदा स्वतः करून बघा.

म्हाताऱ्याच्या फोनलाही वेळ द्या. सात-आठ मिनिटांचा एकच स्थिर शॉट आहे. तो मुलीशी बोलतोय, आपल्याला फक्त त्याचीच बाजू ऐकू येते. चिडतो, माघार घेतो, टोमणा मारतो, लगेच पडतं घेतो. पलीकडे ती काय म्हणत असेल हे मराठी वाक्यातूनच उमगायला हवं. आमचा पहिला मसुदा बँकेच्या पत्रासारखा झाला होता. मग मी माझ्या एका मावशींना त्यांच्या पुण्यातल्या मुलाशी फोनवर बोलताना ऐकलं: "नाही, नाही, तुझं चालू दे. मी सहज केला होता." त्या चालीवर सगळं पुन्हा लिहून काढलं.

कुणाला बोलवायचं

सिनेमावेड्यांनीच हॉल भरू नका. ते हानेकेला कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक, पाम द'ऑर, दोनदा मिळालं, २००९ ला 'द व्हाइट रिबन'ला आणि २०१२ ला 'आमूर'ला, हे सांगतील आणि चर्चा तिथेच संपेल. आमच्या दुसऱ्या खेळाला एक निवृत्त बँक कॅशियर होते, एक नर्स, गावभागातले एक किराणा दुकानदार, कॉलेजची चार मुलं, दोन शिक्षिका. सगळ्यात मोलाचं कॅशियर बोलले, ते पुढे येईल.

मुलांना आणू नका, हे निमंत्रणातच लिहा. गोळीबार आहे, आत्महत्या आहे, हेही लिहा. ज्यांच्या घरी असं काही घडलंय त्यांना न येण्याचा पर्याय आधी मिळायला हवा, हॉलमध्ये अंधार झाल्यावर नव्हे.

पाच मिनिटांचं प्रास्ताविक, सहावं नको

पहिल्या खेळाला मी वीस मिनिटं बोललो. सिनेमा सुरू व्हायच्या आत एकजण पेंगला होता. आता तीनच गोष्टी सांगतो.

एक, शेवट सुरुवातीलाच कळणार आहे. यावर सांगलीकरांनी कुरकुर करायचं काही कारण नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कीर्तनातही उत्तररंगातलं आख्यान ठाऊकच असतं. कीचक मरणार हे माहीत असूनही आपण शेवटपर्यंत बसतो, कारण बुवा तिथवर कसे नेतात ते बघायचं असतं. इथे फरक एवढाच की बुवा समजावून सांगत नाहीत.

दोन, काळा पडदा हा बिघाड नाही. (आता यापुढे 'आणि इन्व्हर्टर लावलेला आहे' हेही जोडतो.)

तीन, त्या विद्यार्थ्याने असं का केलं याचं उत्तर मिळणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक शेवटच्या पाच मिनिटांत उत्तराची वाट बघत राहतात आणि समोर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही.

पात्रांच्या नावांचा कागद वाटावा की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. माझं मत: वाटावा. चेहरे परके, नावं परकी, त्यात तुकडे. थोडा आधार दिला तर काही बिघडत नाही. अर्ध्या पानात पाच गोष्टींची पाच वाक्यं, बस्स. कोण बँकेत पोचणार हे मात्र त्यात लिहू नका.

चालू असताना

मध्यंतर नाही. चहा, पाणी, बाथरूम सगळं आधी. भडंगाच्या पुड्या नंतर. सांगलीत हे सांगायला जिवावर येतं, पण पार्श्वसंगीत नसलेल्या सिनेमात भडंगाचा आवाज काय असतो ते एकदा ऐकून बघा.

एक शॉट असा आहे की मॅक्स टेबल टेनिसचा सराव करतोय, यंत्रातून एकामागून एक चेंडू येतायत आणि तो परतवतोय. तीनएक मिनिटं एवढंच. इथे तुमची परीक्षा असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक नीट बघतात, मग कुणीतरी हसतं, मग खुर्च्या कुरकुरतात. तुम्ही मागे वळून बघू नका, 'थांबा जरा' असं म्हणू नका. दीड-दोन मिनिटांनी हॉल परत शांत होतो, आणि ही शांतता वेगळी असते. कॉलेजच्या एका मुलीने नंतर कागदावर लिहिलं, "आधी कंटाळा आला. मग चेंडू मोजायला लागले. नव्वदपर्यंत मोजले. मग वाटलं तोही मोजत असेल." माझ्या अख्ख्या प्रास्ताविकात यातलं एक वाक्य नव्हतं.

कुणी उठून गेलं तर जाऊ द्या. दारात गाठून कारण विचारू नका.

दोरी आणि चिमटे

संपल्यावर लगेच दिवे लावू नका, एखादं मिनिट जाऊ द्या. मग चहा आणि भडंग, दहा-पंधरा मिनिटं, सिनेमाबद्दल न बोलता. दरम्यान एका बाजूच्या खिळ्यापासून दुसऱ्या बाजूच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधा आणि कपड्यांचे चिमटे तयार ठेवा.

प्रत्येकाला दोन जाड कागद द्या, जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे चालतात. सांगा: तुम्हाला आठवणारे दोन तुकडे लिहा. काय दिसलं, काय ऐकू आलं, एवढंच. मत नको, अर्थ नको. मग एकेकाने येऊन आपला कागद सुतळीवर लावायचा, सिनेमात तो जिथे आला असं वाटतं त्या जागी. दुसऱ्याचा कागद सरकवायची मुभा आहे, पण का सरकवतोय ते सांगून.

इथे पाऊण तास जातो आणि तो जाऊ द्या, सगळ्या संध्याकाळचा गाभा हाच आहे. दुसऱ्या खेळाला छत्तीस कागद लागले. त्यातले गोळीबाराचे तीन. म्हाताऱ्याच्या फोनचे सात. थपडेचे सहा, आणि त्या सहांतल्या चौघांनी थप्पड लिहिलीच नव्हती, नंतर ठेवलेला हात लिहिला होता. हे मी सांगितलं असतं तर व्याख्यान झालं असतं. सुतळीवर ते सगळ्यांना आपापलं दिसलं.

मग दत्तक मुलीचे कागद आले. ते दांपत्य आधी एका मुलीला घरी आणतं. ती अंग चोरून असते, जवळ यायला तिला वेळ लागतो. नेमकी ती जरा सैलावते तेव्हा टीव्हीवर त्या रोमानियन मुलाची मुलाखत दिसते आणि बाईंचं मन त्याच्याकडे वळतं. मुलगा घरी येतो, मुलगी परत जाते. यात कुणी हात उगारत नाही, आवाजही चढवत नाही. हा कागद कुठे लावायचा यावर नर्स आणि एक शिक्षिका यांच्यात चांगलीच जुंपली. नर्सबाईंचं म्हणणं, तो थपडेच्या शेजारी जायला हवा, मग तारीख कुठलीही असो. तारखेप्रमाणे तो तिथे बसत नव्हता. शेवटी तो तिथेच लागला. तारखेचा नियम मोडला तरी त्यावर मी भांडलो नाही.

पहिला अर्धा तास 'कारण' या शब्दाला बंदी ठेवा. 'का केलं?' ऐवजी 'त्याआधी काय झालं?' असं विचारायचं. मग बँकेजवळचे कागद एका ओळीत येतात: पेट्रोल भरलं. खिशात पैसे नाहीत. एटीएम चालेना. समोर बँक. रांग. घाईत पुढे घुसला. एका गिऱ्हाइकाने आडवा पाडला. गाडीत जाऊन बसला. पिस्तूल घेऊन परत आला. ते पिस्तूलही कुठून कुठून हात बदलत आलेलं, सुरुवातीलाच शस्त्रागारातून चोरीला गेलेलं. यातल्या एकाही कागदावर बोट ठेवून 'हे कारण' म्हणता येत नाही, आणि एकही कागद काढून टाकता येत नाही.

कॅशियर इथे बोलले. तोवर गप्प होते. "रांगेत घुसणारा दिवसाला चारदा येतो. आम्ही काउंटरमागून 'रांगेत या' म्हणतो आणि पुढचं व्हाउचर उचलतो. तीस वर्षं मी तेच केलं. चेहरा बघायला वेळ कुठे असतो?" मग थोडं थांबून म्हणाले, "चूकही नाही म्हणा. मागे पंचवीस माणसं उभी असतात." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मीही मधे पडलो नाही. चर्चा चालवणाऱ्याला ही एक गोष्ट शिकावी लागते. शांतता भरायची खाज फार असते.

दिसलं काय नाही, हाही प्रश्न विचारा. गोळ्या कुणाला लागल्या ते कॅमेरा आपल्याला दाखवत नाही. मारणारा दिसतो, मरणारे नाहीत. रक्त मात्र दाखवतो, हळूहळू फरशीवर पसरणारं, आपण नजर वळवेपर्यंत. दुकानदार म्हणाले, "टीव्हीवर याच्या उलट असतं." टीव्हीच्या रकान्याची चर्चा त्या वाक्यापासून आपोआप सुरू झाली.

चर्चा आपल्या गावावर येते तेव्हा

येणारच. आमच्याकडे ती २००९ च्या मिरजेच्या दंगलीवर आली. अशा वेळी दोन धोके असतात: एकजण 'ते नको' म्हणून विषय बंद करतो, किंवा दुसरा 'खरं काय झालं ते मी सांगतो' म्हणून भाषण सुरू करतो. दोन्हीवर उपाय एकच. सिनेमाचीच अट घाला: तुम्ही स्वतः त्या दिवशी कुठे होतात, काय दिसलं, काय ऐकलं, तेवढं सांगा. ऐकीव माहिती नको.

एक शिक्षिका म्हणाल्या, "मी गिरणीत होते. ज्वारीचा डबा लावला होता. शटर पडल्याचा आवाज आला, एकामागून एक, लांबून जवळ येत. गिरणीवाल्यांनी पट्टा थांबवला. माझं पीठ अर्धंच झालं होतं. अर्धं पीठ, अर्धे दाणे असा डबा घेऊन मी घरी गेले." एवढंच. कोण चूक, कोण बरोबर हे कुणी विचारलं नाही. एका मुलाने न सांगता तो तुकडा कागदावर लिहिला आणि सुतळीवर लावला.

हे तुमच्या गावात जमेलच असं नाही. जखम ताजी असेल, किंवा हॉलमध्ये दोन्ही बाजूंचे लोक असतील आणि एकमेकांना ओळखत नसतील, तर सरळ व्हिएन्नावरच थांबा. त्यात भित्रेपणा काही नाही.

पुढचा रविवार

ज्यांना पुढे जायचंय त्यांना गृहपाठ द्या. वर्तमानपत्रात आतल्या पानावर येणारी सहा ओळींची एखादी बातमी निवडा, शक्यतो मारामारीची, खुनाची नको. त्यातली नावं, गाव बदला. मग त्या दिवशी त्या ठिकाणी असू शकणाऱ्या चार माणसांचे प्रत्येकी दोन तुकडे लिहा. मारामारी लिहायची नाही. चहाच्या गाडीवरचा मुलगा, रिक्षावाला, वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई. मोबाईल असेल तर यातला एक तुकडा स्टँडवर ठेवून न हलवता दोन मिनिटं शूट करा. दोन मिनिटं किती लांब असतात ते तेव्हाच समजतं.

पुढच्या सिनेमासाठी आमच्याकडे दोन नावं होती. 'अमोरेस पेरोस', मेक्सिकोचा, २००० सालचा: मेक्सिको सिटीतल्या एका मोटार अपघातावर तीन गोष्टी येऊन आदळतात. अडीच तासांचा आहे, तिथे मध्यंतर घ्यावंच लागेल. हानेकेचा हिशेब थंड, याचा सगळा उकळता. पाठोपाठ पाहिले तर तुकडे जोडायच्या दोन रीती समोरासमोर येतात. दुसरं नाव हानेकेचाच 'कोड अननोन', तोही २००० चा. त्यात सुरुवातीलाच पॅरिसच्या रस्त्यावर एक मुलगा भीक मागणाऱ्या बाईच्या मांडीवर चुरगळलेली कागदी पिशवी फेकतो, आणि पुढची सगळी माणसं त्या एका लांबलचक शॉटमध्ये भेटून जातात. तो शॉट चुकला तर उरलेला सिनेमा कळणं कठीण.

म्हणजे उशिरा येणाऱ्यांची सोय नाही. आणि सांगलीत सहाची वेळ म्हणजे साडेसहा, हे तुम्हालाही माहीत आहे. निमंत्रणावर साडेपाच लिहा.